माणशी अर्धा एकर

निवृत्ती या शब्दाचे मराठीत जेवढे हाल झाले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाचे झाले असतील. ज्ञानेश्वरांनी ज्यांना गुरू मानले, त्या त्यांच्या वडील बंधूंचे हे नाव. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले, तेव्हा प्रवृत्ती आणि निवृत्ती या दोन मार्गांचा केवढा ऊहापोह केला! आणि आज हा शब्द उरला आहे तो पेन्शनच्या अर्जावर, निरोपसमारंभाच्या फलकावर आणि शाल-श्रीफळाच्या तबकात. परवा वर्गात मी मुलांना निवृत्तीचा विरुद्धार्थी शब्द विचारला. मागच्या बाकावरून उत्तर आले, “नोकरी!” सारा वर्ग हसला, मीही हसलो. पण नंतर चहा पिताना वाटले, पोराने काही खोटे सांगितले नाही. आपण मध्यमवर्गीयांनी या शब्दाचा अर्थ आता खरोखरच तेवढा करून टाकला आहे.

मी राहतो ते पनवेल हे निवृत्तांचे, आणि त्यातही निवृत्त इंजिनियरांचे गाव म्हणावे लागेल. एके काळी हे वाड्यांचे, तळ्यांचे आणि खाडीकाठच्या व्यापाराचे गाव होते. १८५२ साली इथे नगरपालिका आली, हे इथला जुना माणूस तुम्हांला पहिल्याच भेटीत सांगतो. पुढे रसायनीला कारखाने आले, १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, उरणकडे मोठे बंदर झाले, आणि या प्रत्येक लाटेबरोबर नकाशांच्या गुंडाळ्या काखेत मारलेली माणसे इथे येऊन राहिली. ती आता पिकली आहेत. सकाळी वडाळे तलावाच्या काठी फिरायला जावे, तर पांढऱ्या बुटांतले चार सद्‌गृहस्थ एखाद्या नव्या पुलाच्या खांबाविषयी तावातावाने बोलताना दिसतात. पूल कोणी बांधला, कितीला बांधला आणि तो त्यांनी बांधला असता तर कितीत झाला असता, हा विषय फेरी संपेपर्यंत पुरतो. कोणी गणपतीच्या मंडपाची वायरिंग तपासून देतो, कोणी झोपडवस्तीतल्या मुलांना गणित शिकवतो, कोणी सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत काठी घालून रोज पाण्याची उंची मोजतो आणि जिन्यातल्या फळ्यावर लिहितो. लोक हसतात. पण उन्हाळ्यात तोच फळा सगळ्यांत आधी वाचतात.

या मंडळींकडे पाहताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. इंजिनियर निवृत्त होतो, म्हणजे नेमके काय होते? शिक्षकाचे शिकवणे संपते, कारकुनाची फाइल दुसऱ्याच्या टेबलावर जाते. पण मोजण्याची जी सवय एकदा डोळ्यांना लागली, ती कुठल्या तारखेला निवृत्त होते?

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे उदाहरण सगळ्यांनाच ठाऊक आहे. १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनियरिंगची परीक्षा दिली आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी धरली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. १९०८ साली, पन्नाशीच्या आतच, स्वेच्छेने नोकरी सोडली आणि त्यानंतर चौपन्न वर्षे, म्हणजे नोकरीच्या दुपटीहून अधिक काळ, ते जगले आणि राबले. हैदराबादला मुसी नदीने हाहाकार केला तेव्हा तिला आवरण्याची योजना त्यांनी आखली, म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ साली भारतरत्न झाले आणि १९६२ मध्ये गेले. त्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपल्याकडे इंजिनियरांचा दिवस पाळतात. त्या दिवशी दरवाजांची गोष्ट सांगतात. एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. नीरा कालव्याचे पाणी वरच्या काही गावांच्या उसात मुरून जाऊ नये, खालच्या जास्त गावांना थोडे थोडे का होईना मिळावे, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी गटागटाने पाणी देण्याची एक पद्धत सुचवली होती. दरवाजा बसवणे सोपे. पाणी कोणाला किती, हे ठरवणे अवघड. या अवघड कामाला हात घालणारा दुसरा एक इंजिनियर पुढे त्याच नीरेच्या परिसरात निघाला. आज मला त्याच्याविषयी लिहायचे आहे. त्यांचे नाव विलासराव साळुंखे.

त्यांची ओळख करून देण्यापूर्वी माझ्या वडिलांची एक आठवण सांगायला हवी. १९७२ साली वडील नुकतेच मॅट्रिक होऊन बसले होते. दुष्काळ पडला, कामे निघाली आणि त्यांना पुरंदर तालुक्यात एका रस्त्याच्या कामावर मस्टर कारकून म्हणून तात्पुरती जागा मिळाली. मस्टर म्हणजे हजेरीपट. सकाळी रांगेने नावे घ्यायची, अंगठे उमटवून घ्यायचे आणि संध्याकाळी फोडलेल्या खडीचे ढीग ब्रासात मोजायचे. काल ज्यांच्या घरी चार बैल होते, ती माणसे आज हातात हातोडी घेऊन दगड फोडत होती. अंगावर पिणारी पोरे आयांनी पदराच्या सावलीत निजवली होती. रेशनवर तांबडा मिलो मिळे आणि कामावर सुकडी. वडील म्हणत, “त्या वर्षी मी माणसांची नावे इतकी लिहिली, की पुढे लग्नाच्या आमंत्रणांची यादी करतानाही हाताला मस्टरचेच वळण यायचे.”

तो दुष्काळ लहान नव्हता. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. सरकारने कामे काढली आणि माणसे जगवली, हे यश मोठे आहे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात उभी राहिली, पुढे तिचा राज्यात कायदा झाला आणि २००५ मध्ये केंद्रानेही तसा कायदा केला. पण वडिलांच्या मनात त्या यशाबरोबर एक खडाही राहून गेला होता. पुढे कित्येक वर्षांनी ते त्या बाजूला गेले, तेव्हा रस्त्याच्या कडेला खडीचे ते ढीग अजून तसेच पडले होते. त्यांच्यावर गवत उगवले होते. “एवढ्या माणसांनी एवढे दगड फोडले. त्याच हातांनी माती अडवली असती, तर?” असे ते म्हणत आणि गप्प होत.

हाच प्रश्न त्याच सुमारास त्याच तालुक्यात दुसऱ्या एका माणसाला पडला होता. वडिलांनी विलासरावांना कधी पाहिले नाही. त्यांचे नाव पुढे वर्तमानपत्रांतून कळले. वडिलांचा प्रश्न मनातच राहिला आणि विलासरावांनी त्याचे उत्तर बांधून काढले. दोघांत फरक तेवढाच, आणि तो फार मोठा.

विलासराव इंजिनियर होते आणि पुण्यात त्यांचा ‘अॅक्युरेट’ नावाचा कारखाना होता. तिथे गेज आणि मोजमापाची सूक्ष्म उपकरणे तयार होत. केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक अंतर मोजणारी ही साधने. असा माणूस दुष्काळ पाहायला गेला. आपल्यासारखा माणूस तिथे गेला असता, तर हळहळला असता, मदतनिधीला पैसे देऊन परत आला असता. विलासरावही हळहळले असतीलच, पण त्यांनी मोजायला सुरुवात केली. पुरंदरच्या कोरड्या भागात पाऊस पाचशे मिलिमीटरही धड पडत नाही, तोही चार सरींत येतो आणि उतारावरून माती घेऊन निघून जातो. पण कमी असला, तरी तो शून्य नाही. मग जे पडते ते जाते कुठे? किती अडवता येईल? अडवलेले किती माणसांना पुरेल? दुष्काळाकडे दैवाचा कोप म्हणून न पाहता जमाखर्चाचा हिशेब म्हणून पाहणे, ही त्यांची पहिली पायरी.

त्यांनी नायगाव निवडले. सावित्रीबाई फुले यांचे नायगाव सातारा जिल्ह्यात. हे नायगाव पुरंदरातले. १९७४ च्या सुमारास गावच्या देवस्थानाची चाळीस एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी पन्नास वर्षांच्या कराराने घेतली. पुण्यात कारखाना चांगला चाललेला, वय ऐन उमेदीचे, आणि हा गृहस्थ पत्नी कल्पनाताईंसह माळावर झोपडी बांधून राहायला गेला. उताराला आडवे समपातळीचे बांध घातले. त्यांच्यामागे माती साचू लागली. सर्वांत खाली ओघळीवर पाझर तलाव केला. तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खणली. पावसाचे पाणी तलावात अडायचे, जमिनीत मुरायचे, झिरपत विहिरीत यायचे आणि पंपाने पुन्हा वर उतारावरच्या वावरात जायचे. वरच्या खडकाळ भागात झाडे आणि गवत, खालच्या सुधारलेल्या भागात धान्य. यात विज्ञानाचे नवे असे काहीच नव्हते. आपल्या मराठीत बांध, ताल, नाला, पाझर हे शब्द पूर्वीपासून आहेतच. याच तालुक्यातल्या खानवडीशी ज्यांच्या घराण्याचे नाते, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारला सांगितले होते, की पलटणीतले शिपाई आणि पोलीस यांच्या हातून बांधबंधारे घालून घ्या, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरेल. ते ऐकायला शंभर वर्षे जवळ आली होती.

चाळीस एकरांचा माळ हिरवा झाला. इथपर्यंतची गोष्ट सुरेख आहे, आणि ती इथेच थांबली असती तर आज आपण विलासरावांना एक आदर्श शेतकरी म्हणून आठवले असते. पण खरा पेच पुढेच होता. पाणी आले की भांडण येते. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, ज्याची विहीर खोल त्याला पाणी जास्त, ज्याचे वजन मोठे त्याची पाळी आधी, हा आपला खेड्यापाड्यांतला अलिखित कायदा. दुष्काळात सुकडी माणशी वाटली जाते. पाऊस आला की पाणी एकरी वाटले जाते. उपाशी असताना माणूस मोजायचा आणि पोट भरायची वेळ आली की जमीन मोजायची! वडिलांच्या मस्टरवर ज्या बाईचे नाव होते, तिच्या नावे एक गुंठाही नसेल, तर तिच्या हातांनी अडवलेल्या पाण्यावर तिचा हक्क किती?

विलासरावांनी या प्रश्नाला गेज लावला. १९७९ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याच्या आधाराने ‘पाणी पंचायत’ नावाने गावोगावच्या उपसा सिंचन योजना उभ्या राहू लागल्या. तिचे नियम मोजकेच आहेत. कोणालाही एका दमात पाठ म्हणता यावेत असे. योजना एकट्यादुकट्याची नाही, गटाची. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि घर कितीही मोठे असले तरी अडीच एकरांच्या वर नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही. ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा. ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः उभा करायचा. बाकी अर्धा सरकारी अनुदानातून आणि उरलेला प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जातून. आणि पाळ्या ठरवायला, पाणी सोडायला गावाने आपला पाटकरी नेमायचा.

पाटकरी हा शब्द मला फार आवडतो. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नदीवर बंधारा, त्याच्या पाण्याखाली वावरांचे फड, आणि कोणाच्या वावरात कधी पाणी सोडायचे ते ठरवणारा पाटकरी. शेतमालकाने स्वतः पाटाला हात लावायचा नाही, हा त्यातला मर्म. पाणी ज्याला हवे आणि पाणी जो सोडतो, ते दोघे एकच असता कामा नयेत. आपल्या पूर्वजांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. विलासरावांनी हे जुने शहाणपण घेतले आणि त्याला एक नवी अट जोडली. पाटकऱ्याने वावर मोजू नये, घरातली माणसे मोजावीत.

या नियमांतला प्रत्येक नियम म्हणजे एकेक भांडण आधीच मिटवून ठेवण्याची तजवीज आहे, हे जरा विचार केला म्हणजे ध्यानात येते. ऊस नाही, कारण ऊस बारा महिने पितो आणि मग माणशी अर्धा एकर हे गणितच कोलमडते. हक्क जमिनीबरोबर जात नाही, कारण तसा तो गेला, तर पाण्याच्या लोभाने कोरडवाहू वावर पैसेवाला विकत घेईल आणि दहा वर्षांनी सगळे पाणी त्याच्या बांधावर जमा होईल. पाचवा हिस्सा स्वतः भरायचा, कारण फुकट मिळालेला पंप बिघडला की लोक सरकारकडे बोट दाखवतात; स्वतःच्या पैशाचा बिघडला की पाना शोधतात. आणि भूमिहीनाला वाटा, कारण बांध त्याने घातला आहे. तो आपला वाटा दुसऱ्याच्या जमिनीवर खंडाने किंवा अर्धेलीने पिकवू शकतो. ज्याच्याकडे जमीन आहे पण पाणी नाही, आणि ज्याच्याकडे पाणी आहे पण जमीन नाही, ते दोघे मग बरोबरीने बोलायला बसतात. गावाच्या चावडीवर हे पूर्वी घडत नव्हते.

कोणी म्हणेल, हा सगळा भाबडेपणा झाला. मोठा शेतकरी कशाला ऐकेल? खरेच आहे. सगळ्यांनी ऐकले नाही. ज्याच्याकडे पाणी आणि जमीन दोन्ही आधीच होते, त्याला या पंचायतीत येऊन मिळण्याजोगे काही नव्हते. ज्यांनी ऐकले, त्यांच्याही योजना सगळ्या टिकल्या नाहीत. विजेचे बिल थकले, पंप जुने झाले, कुठे बाहेरून दुसरे पाणी आले आणि त्याबरोबर उसाचा मोहही आला. काही योजना बंद पडल्या, काही चालत राहिल्या. २००२ साली विलासराव गेले. त्याच वर्षी ओडिशाने ‘पाणी पंचायत’ याच नावाचा कायदा केला. नाव पुरंदरच्या माळावरून एवढ्या दूर गेले, ही अभिमानाची गोष्ट. पण त्या कायद्यातले सभासद जमीनधारकच. नाव गेले, माणशी अर्धा एकर मात्र मागेच राहिला. शब्द प्रवास करतात आणि वाटेत त्यांचा अर्थ कोणीतरी उतरवून घेतो, हे मी भाषेचा मास्तर म्हणून रोजच पाहतो. ‘निवृत्ती’चेही तसेच झाले.

तेव्हा या माणसाने शेवटी काय मिळवले, असे कोणी विचारले, तर हेक्टर आणि योजनांचे आकडे मी सांगणार नाही. मला वाटते, त्यांनी एक गोष्ट सिद्ध करून ठेवली. समता ही सद्‌भावनेवर सोडून भागत नाही. तिचीही रचना करावी लागते, पुलासारखी, गेजसारखी; कुठे भार येईल, कुठे तडा जाईल, याचा आधी विचार करून. आपण दानशूर माणसांचे पुतळे उभारतो, पण वाटपाचा नियम घडवणाऱ्याची आपल्याला आठवण राहत नाही, कारण नियमाला डोके, फेटा आणि घोडा नसतो. ‘चांगला माणूस’ या शब्दात आपण बहुधा दयाळूपणाच धरतो. अचूकपणाही चांगुलपणाचाच भाग आहे, हे मला विलासरावांच्या त्या सहा-सात नियमांनी शिकवले.

जेजुरीचा खंडोबा आमचे कुलदैवत, त्यामुळे त्या वाटेने आमचे वरचेवर जाणे होते. दिवे घाट चढून वर आले की सासवड लागते. तिथे सोपानदेवांची समाधी आहे. निवृत्तिनाथांचे धाकटे बंधू ते. दर आषाढीला ज्ञानेश्वरांची पालखी याच घाटाने चढते. सासवडच्या पुढे दोन्ही बाजूंना तपकिरी माळ आणि मधेच अंजिराची, सीताफळांची हिरवी ठिगळे दिसू लागतात. एखाद्या ठिगळाच्या वर उतारावर बांधांच्या आडव्या रेघा दिसतात. पूर्वी मला त्या रेघा दिसत नसत, नुसता माळ दिसे. आता गाडीत मुलांना म्हणतो, “ते बघा, तिथे कोणीतरी पाण्याला चालायला शिकवले आहे, आधी ते धावत होते.” मुले कानांतली यंत्रे क्षणभर काढतात, “हो बाबा,” म्हणतात आणि पुन्हा घालतात.

आता आमच्या पनवेलीकडे वळतो, कारण ही सगळी कथा पुरंदरच्या माळाची, कोरडवाहू लोकांची, आपला तिच्याशी काय संबंध, असे शहरातल्या वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. पनवेलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नायगावच्या सहा-सात पट म्हणा ना. गावात वडाळे, कृष्णाळे, इस्राईल, विश्राळे, देवाळे अशी तळी आहेत. गाढी नदीवर देहरंगचे धरण आहे. नगरपालिकेने स्वतःच्या गावासाठी धरण बांधावे, ही साठ वर्षांपूर्वीची धमक आजही कौतुक करण्याजोगी आहे. पण धरणात गाळ साचतो, हे सगळ्याच जुन्या धरणांचे दुखणे. दरम्यान गाव दसपट झाले, आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गल्ल्यांतून टँकर फिरू लागतात. जुलैत गुडघाभर पाणी आणि मे महिन्यात बादलीभर! नायगावकरांनी ऐकले, तर हसतील.

टँकर आला की त्याचे बिल येते आणि बिल आले की सभा येते. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या सभेत टँकरच्या खर्चाची वाटणी कशी करायची, यावर दोन तास खल झाला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार घरातल्या नळांची संख्या आणि त्यांचा आकार यांवरून ठरतो. म्हणजे ज्याच्या घरी नळ जास्त, त्याने पैसे जास्त द्यायचे. ऐकायला बरोबर वाटते. पण तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आजी-आजोबांसकट सात माणसे राहतात आणि सहाव्या मजल्यावर चार न्हाणीघरांच्या घरात नवराबायको दोघेच राहतात. पैशाचे गणित नळांवर सुटेल. पण टँकर एकच आला आणि टाकी अर्धीच भरली, तर पाणी कोणाला किती? पैसे जास्त दिले म्हणून चार नळ चालू ठेवायचे आणि खालच्या घरातल्या सात माणसांनी दोन बादल्यांत दिवस काढायचा का?

त्या सभेत आमचे टाकीत काठी घालणारे निवृत्त इंजिनियर काका उठले. त्यांनी कागद काढला. टाकी किती लिटरांची, टँकर किती लिटरांचा, इमारतीत माणसे किती, धुणीभांडी करायला येणाऱ्या बायका आणि रात्रीचा वॉचमन धरून किती, हे सगळे त्यांनी लिहून आणले होते. वॉचमनला त्यांनी माणशी हिशेबात धरले होते, याची मात्र मला गंमत वाटली, आणि गंमत वाटली म्हणून जरा अंतर्मुखही व्हायला झाले. काका म्हणाले, “टंचाईच्या दिवसांत पहिल्यांदा माणशी इतके लिटर प्रत्येक घराला. त्याच्यावर जे उरेल, ते नळांप्रमाणे, पैशांप्रमाणे, तुम्हांला हवे तसे वाटा.” थोडा गलका झाला. “आमच्याकडे पाहुणे आले तर?” असे कोणी विचारले. “माणसे कोण मोजणार, तुम्ही घरोघरी येणार का?” असे कोणी विचारले. सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, “आम्ही पैसे भरतो, उपकार घेत नाही.” त्यांचेही अगदी खोटे नव्हते.

मी उभा राहिलो आणि पुरंदरच्या त्या पाणी पंचायतीची गोष्ट सांगितली, जेवढी पाच मिनिटांत सांगता येईल तेवढी. भूमिहीनांच्या वाट्याविषयी सांगितले, उसाच्या बंदीविषयी सांगितले. “आपला ऊस म्हणजे काय?” असे मागून एका कॉलेजातल्या मुलीने विचारले. “गाड्या धुणे,” असे तिचे तिनेच उत्तर दिले. हशा पिकला. पण त्या हशाने खोलीतली हवा जरा मोकळी झाली, एवढे खरे. सहाव्या मजल्यावरच्या वहिनी आपल्या यजमानांच्या कानाशी लागून काही बोलल्या. ते काही क्षण गप्प बसले आणि मग म्हणाले, “गाड्यांचे मान्य. बाकीचे पुढच्या सभेत बघू.”

त्या संध्याकाळी एवढाच निर्णय झाला: टंचाई असेपर्यंत टँकरच्या पाण्याने गाडी धुवायची नाही. माणशी लिटरांचा ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर गेला. तो संमत होईल की नाही, मला सांगता येत नाही. पाऊस चांगला झाला, म्हणजे आपल्याकडे असले ठराव बहुधा वाहूनच जातात. काका मात्र अजून रोज सकाळी गच्चीवर जातात, टाकी काठोकाठ भरलेली असली तरी काठी घालतात आणि आकडा फळ्यावर लिहितात. आता त्या आकड्याखाली त्यांनी दुसरा एक आकडा लिहायला सुरुवात केली आहे: इमारतीतली माणसे, एकशे चौदा. मागच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर बाळ जन्माला आले. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर एकशे पंधरा लिहिलेले होते.